समुद्राकडे निघालेला बाण

"अगं, समुद्राकडे जायचं ठरलं होतं ना आपलं? मग डोंगरावर कुठे घेऊन निघालीस मला?"

टेबलाखाली उताणं पडून, दातांत टॉर्च धरून वायरी तपासणाऱ्या ताईंनी हे ऐकलं. कुरकुर त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर चालली होती. मध्ये फक्त टेबलाची फळी. यंत्राशी बोलणारी माणसं ताईंनी आजवर पुष्कळ पाहिली होती. बहुतेक जण शिव्याच घालायचे. एक बाई तर मॉनिटरला सवत म्हणायच्या. पण इतक्या लाडीगोडीनं रागावणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. नदीशी बोलत असतील, असं ताईंनी मनाशी ठरवलं आणि दातांतला टॉर्च पुढच्या वायरीकडे वळवला.

घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा हा धंदा ताईंना कुणी शिकवला नव्हता. भावाचा कॉम्प्युटर त्याला न विचारता उघडला, तो दोन दिवस बंद पडला, तिसऱ्या दिवशी सुरू झाला, आणि तेव्हापासून त्या उघडतच राहिल्या. आता पन्नाशी आली तरी ती खोड गेली नव्हती.

हे घर नकाशेवाल्या नानांचं. स्क्रीनवर चकाकी येऊ नये म्हणून भरदुपारी पडदे ओढलेले. निळसर उजेडात चारी भिंतींवर नद्या. जुन्या, शाईनं काढलेल्या, काचेमागे बसवलेल्या. पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला की उन्हाची एक तिरीप भिंतीवरून फिरायची, आणि एकेक नदी क्षणभर वाहती व्हायची. ताईंना आत आल्या आल्या वाटलं होतं, आपण पाण्याखाली आलोय, इथे हळूच बोलायला हवं.

नानांनी आयुष्यभर नकाशे काढले होते. आधी टाकानं, मग माउसनं. सध्या शाळेच्या मुलांसाठी नद्यांचं एक पुस्तक चाललं होतं. सगळ्या नद्या समुद्राला मिळाल्या होत्या, एक तेवढी राहिली होती. शनिवारपर्यंत ते पान आलं नाही तर दुसऱ्याकडून काढून घेऊ, असा छापखान्याचा फोन आला होता. त्यावर नाना एवढंच म्हणाले होते, "माझी नदी मीच पोचवीन." पण गेला महिनाभर बाण भलतीकडे पळत होता आणि अक्षरं मनाला येईल तेव्हा उमटत होती. तीन महिन्यांत दोन कीबोर्ड झाले, दोन माउस झाले, खालची चटई बदलली. शेवटी मुलानं ताईंना बोलावलं.

ताई टेबलाखालून बाहेर आल्या, केसांतली धूळ झटकली.

"काही सापडलं का?" नानांनी विचारलं. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता, थंडीत पोरं ठेवतात तसा.

"वायरी तर शहाण्यासारख्या आहेत. तुम्ही जरा उठता का? मी बसून बघते."

नाना आरामखुर्चीत जाऊन बसले. समोरच्या दिवाणावर त्यांच्या बायको, सगळ्यांच्या माई, मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन विणत होत्या. विणकाम काही फारसं पुढे सरकत नव्हतं. डोळे सारखे स्क्रीनकडे होते.

ताईंनी एक कोरं पान उघडून टाइप करायला घेतलं. त्यांची बोटं भराभर चालायची. दहा अक्षरं दाबली, दोन उमटली. बटण बराच वेळ दाबून धरलं तरच अक्षर यायचं, तेही अंथरुणातून उठल्यासारखं. मग माउस हलवला. बाण इतका सावकाश निघाला की स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत माउस टेबलाच्या कडेवरून खाली पडायच्या बेतात आला. ताईंनी भुवई उंचावली. बिघाड असा शिस्तीत वागत नाही. हे कुणीतरी करून ठेवलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पाणी प्यायला म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. सून ओट्याजवळ भांडी पुसत होती. तिनं ग्लास पुढे केला आणि आवाज खाली आणला.

"ताई, अक्षरं उशिरा उमटतात ना, ते मी केलंय. नाना नावं लिहायचे तर एकेक अक्षर चार-चार वेळा यायचं. बोट बटणावर... म्हणजे राहायचं थोडं. मी एका ठिकाणी वाचलं, असं सेटिंग असतं म्हणून. लावून टाकलं. ह्यांना पण बोलले नाहीये. तेवढं राहू द्या."

"बरं," ताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

परत येताना मुलानं त्यांना चपलांच्या कपाटाजवळ गाठलं. चाळिशीतला माणूस, पण शाळेला दांडी मारलेल्या पोरासारखा उभा.

"बाणाचा वेग मी कमी केलाय. म्हटलं, सावकाश चालला तर नानांना आवरेल. हिला माहीत नाही, आईलाही नाही."

"आणि नानांना?"

"छे छे." त्यानं मागे वळून पाहिलं. "ताई, एक करा ना. त्यांना सांगा की यंत्र म्हातारं झालंय, आतला मुख्य भागच गेलाय, आता दुरुस्त होणार नाही. तुमचं ऐकतील ते. काम थांबेल, पण कमीपणा यायचा नाही."

ताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हीच अडचण होती. धडधाकट यंत्राला मेलेलं म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण म्हातारा माणूस आणि म्हातारं यंत्र यांतलं कोण कुणाच्या नावावर निवृत्त होणार, हे आपण कोण ठरवणार?

"बघते आधी," त्या म्हणाल्या.

खोलीत तीच दुपार, तसाच निळा उजेड. ताईंनी नानांचा नकाशा उघडला. अर्धवट नदी डोंगरातून उतरली होती, दोन गावांना वळसा घालून पठारावर आली होती, आणि तिथे थबकली होती. जणू कुणी हाक मारली म्हणून मागे वळून पाहतेय. तिथून पुढे समुद्रापर्यंत कोरं पांढरं. वेग अजून मंदच होता. प्रयोग म्हणून ताईंनी तिथून एक रेघ ओढली. त्यांचा हात नकाशाचा नव्हता. रेघ सरळ टेकडीच्या छातीवर चढली.

आणि बाण थांबला. मग, ताईंचा हात जागचा हलला नसताना, तो हळूच मागे आला. टेकडीच्या पायथ्याशी घुटमळला आणि डावीकडून, लांबून, एक सुंदर गोल वळसा घालून पुढे गेला.

ताईंनी माउस उचलून उलटा धरला. पोटाखालचा लाल दिवा छताकडे बघू लागला. बाण चाललाच होता. स्वप्नात कुणी ओळखीच्या वाटेनं घरी जावं तसा.

पंखा फिरत होता. नाना डोळे मिटून बसले होते, पण त्यांना झोप लागलेली नव्हती.

ताई पुन्हा टेबलाखाली गेल्या. या वेळी वायरींकडे न बघता त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीवर बोट फिरवलं. तिथे नव्या बिनतारी माउसचा, त्याचे हुकूम झेलणारा नखाएवढा रिसीव्हर होता. आणि खालच्या खाचेत, धुळीत बुडालेला, आणखी एक. जुना. बिघडला म्हणून काढून टाकलेल्या माउसचा. माउस काढला, पण त्याचा रिसीव्हर काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे तो माउस जिथे कुठे असेल तिथून अजून हुकूम सोडू शकत होता.

टेबलाखालून ताईंना दिवाणाची खालची बाजू दिसत होती. माईंचे पाय, घसरलेला लोकरीचा गोळा, आणि ढिगाच्या कडेखाली, मांडीवरच्या जाड पुठ्ठ्याच्या वहीवर, काळ्या माउसची पाठ. तिच्यावर माईंचा हात.

ताई बाहेर आल्या आणि गोळा उचलून द्यायच्या निमित्तानं दिवाणाशी बसल्या.

"फडताळ आवरताना सापडला," माई ओठही न हलवता पुटपुटल्या. "पुसायला घेतला तर तिकडे त्यांचा बाण हलला. तेव्हापासून... ह्यांची रेघ जरा भरकटली की मी आपली हळूच रस्त्यावर आणते. पूर्वी शाई मीच तर भरायची. प्रत्येक नदी पाठ आहे मला."

"माई, तुम्ही डावीकडे नेता तेव्हा ते उजवीकडे नेत असतात. म्हणून तर तो पिसाळल्यासारखा करतो."

"हो का?" माई विणायच्या सुया बघत राहिल्या. "आणि मी म्हणतेय, नवा माउसही वाईटच निघाला."

ताईंना हसू आलं. एका माणसाला सावरायला तीन माणसं, तिघंही एकमेकांपासून चोरून. एकानं बाण मंद केला, म्हणून नाना जोर लावायचे. दुसरीनं बटणं सुस्त केली, म्हणून ते पुन्हा पुन्हा दाबायचे. तिसरी नदी ओढून नेत होती. यंत्र बिचारं सगळ्यांचं ऐकत होतं.

मुलगा आणि सून दारात येऊन उभे राहिले होते. मुलानं ताईंना डोळ्यांनीच खुणावलं. आता सांगा.

ताई खुर्चीत बसल्या. बाणाचा वेग पूर्वीइतका केला. बटणांचं सेटिंग काढलं. मग वाकून जुना रिसीव्हर उपटला आणि धुळीसकट नकाशाच्या कागदांवर ठेवला.

"झालं, नाना. यंत्राला काही झालेलं नाही. या, बसा."

मुलाचे खांदे पडले.

नाना आले. मांडीखाली, खिशात, कुठे कुठे लपवून ठेवलेला तो उजवा हात त्यांनी माउसवर ठेवला. बाण नदीच्या टोकाशी गेला आणि तिथे, वाऱ्यावरच्या पानासारखा, बारीक बारीक हलत राहिला. नानांनी रेघ ओढली. रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटली. त्यांनी ती पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा दाते.

"टेबल हलतंय वाटतं," सून म्हणाली.

"वीज कमी-जास्त होते दुपारी," मुलगा म्हणाला.

"नवीनच माउस आहे, सवय व्हायला वेळ लागतो," माई म्हणाल्या.

ताईंनी आपली पिशवी आवरायला घेतली आणि आवरतच राहिल्या. तिच्यात आवरण्यासारखे दोनच स्क्रूड्रायव्हर आणि एक टॉर्च होता.

नानांनी कागदांवरचा तो नखाएवढा रिसीव्हर उचलला. दोन्ही हात लावून, एकदा चुकून, दुसऱ्यांदाही चुकून, तिसऱ्या खेपेला तो कीबोर्डच्या बाजूच्या खाचेत बसवला. मग खुर्ची थोडी सरकवून शेजारी जागा केली.

"ये गं," ते दिवाणाकडे न बघताच म्हणाले. "इथे बस. लोकरीखाली हात अवघडतो तुझा."

माईंच्या हातातली सुई थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"टेकडीला डावीकडून इतका लांब वळसा या घरात तुझ्याशिवाय कोण घालतं? पहिल्याच दिवशी ओळखला."

"मग महिनाभर गप्प का बसलात?"

नाना स्क्रीनकडे बघत राहिले. पडदा हलला. तिरीप भिंतीवरून आली, स्क्रीनवरून गेली, आणि अर्धवट नदी क्षणभर वाहती झाली.

"ते बोललो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं," ते म्हणाले.

माई काळा माउस पदराखाली धरून उठल्या, दिवाण ते टेबल एवढंसं अंतर सावकाश चालल्या आणि शेजारी येऊन बसल्या.

नानांनी उजवा हात माउसवरून उचलला आणि उजेडात, सगळ्यांना दिसेल असा, टेबलावर ठेवला.

"माझा हात थरथरतो," नाना म्हणाले.