चोवीसपैकी नऊ

लेकीनं घेतलेल्या परीक्षेत मी नापास झाले. चोवीसपैकी नऊ. तेही तिनं आईची दया येऊन दिले असणार.

माझी यामिनी इथे पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करते. आजूबाजूच्या खेड्यांतल्या लोकांना आपल्या डायबेटिसबद्दल कितपत कळतं, ते मोजायचं, हा तिचा विषय. मला येऊन तीन आठवडेच झाले होते. "आई, तुझ्यावर ट्राय करते हं," म्हणाली आणि प्रश्न मराठीत करून माझ्यापुढे ठेवले. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये कार्ब किती? मला काय ठाऊक, मी कधी ब्रेड खाल्लाय? साखर एकदम उतरली तर काय घ्याल? मी सांगितलं, गुळाचा खडा. तिनं फुली मारली.

"अगं, बारा वर्षं पर्समध्ये गूळ घेऊन फिरते मी! दोनदा जीव वाचलाय त्यानं."

"ऑप्शनमध्ये नाहीये ना आई. ज्यूस, कँडी नाहीतर ग्लुकोजची गोळी."

मग तिनं तिच्या रूममेटला, अनयाला, माझा निकाल सांगितला. लो नॉलेज म्हणे. मला इंग्रजी येत नाही, पण लो म्हणजे काय ते कळतं. आमच्या गावात व्होल्टेज लो असतं. वीस वर्षं गिरणी चालवलेली बाई मी, पीठ चिमटीत धरून कुणाच्या घरचं ते सांगायची. आणि पोटच्या पोरीनं मला ढ ठरवलं. झोंबलं मला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

तेवढ्यात भारतातून आणलेली माझी इन्सुलिन गेली. अनयानं दुधाचे डबे लावताना बाटल्या फ्रिजच्या पार मागे ढकलल्या आणि त्या गोठल्या. गोठलेली इन्सुलिन फेकून द्यायची असते, हे मला माहीत होतं. पण तो प्रश्न पेपरात नव्हता! यामिनीनं इथल्या दुकानातून नवी बाटली आणली. "सुया तुझ्याच वापरू, आख्खा डबा पडलाय," म्हणाली.

सोमवारी सकाळी तिला सर्व्हेसाठी चाळीस मैलांवरच्या खेड्यात जायचं होतं. मलाही नेणार होती, गाईंचे गोठे दाखवायला. नुसती धावपळ चाललेली. "आण इकडे, मी भरते. किती?"

"वीस रेघा."

ती भरत होती तोवर मी बाटली हातात घेतली. वर शंभर लिहिलेलं. आमच्या उपकेंद्रातल्या प्रतिमा सिस्टरनं पहिल्याच दिवशी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं, बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा एकच पाहिजे, नाहीतर सुनेत्राबाई, तुमचा कारभार आटोपला. माझ्या बाटलीवर कायम चाळीस, सुईवरही चाळीस.

"यामे, हिच्यावर शंभर आहे गं. आपली चाळीसची असते."

"नाव बघ ना आई, तीच आहे. उशीर होतोय."

"अगं पण..."

"मी हेच शिकतेय ना? कुडता वर कर बघू."

आणि मी गप्प बसले. गिरणीत कुणी मूठभर दाण्यांचा घोळ केला तरी मी त्याला उभा सोलत असे. इथे जिवाशी गाठ, तर माझी दातखीळ बसली. नऊ मार्कांची बाई मी, हिला काय शिकवणार? खरं म्हणजे थोडा रागही होता. तुलाच कळतं ना सगळं, मग कर.

उपमा खाऊन आम्ही निघालो. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली रानं, आणि माझे हात थरथरायला लागले. बाहेर एवढी थंडी, नि मला दरदरून घाम. "यामे, साखर उतरली," म्हटलं आणि पर्समधला गूळ तोंडात टाकला. एक खडा झाला, दुसरा झाला, तरी हात थांबेनात.

तिनं गाडी कडेला घेतली. माझ्याकडे बघत राहिली. "आई, बाटलीवर किती म्हणाली होतीस? शंभर?" मग एकदम किंचाळली, "अगं, शंभरची अडीचपट कडक असते, वीसच्या जागी पन्नास गेलं! देवा, मी काय केलं हे!" तिनं गाडी कशी पळवली, तिलाच माहीत. मी गूळ चघळत होते आणि ती रडत होती, एवढंच मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन होतं. एक तरुण डॉक्टर काहीतरी विचारत होता. यामिनीचा चेहरा पांढराफटक. "आई, ते विचारतायत, डोस कुणी भरला होता?"

तिच्या गळ्यात युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र लटकत होतं. जी लोकांना मार्क देते, तिनंच आईला असं टोचलं, हे हिच्या सरांच्या कानावर गेलं तर? चार वर्षांची मेहनत पोरीची.

"सांग, मीच भरला. अडाणी आहे म्हणावं, आकडा कळला नाही."

"आई, असं काय..."

"सांग म्हणते ना!"

खरं सांगू? तोंडानं म्हणत होते, पण आतून वाटत होतं, ही असं खोटं नाही सांगणार. माझी पोर आहे.

तिनं मान खाली घातली आणि इंग्रजीत तीन-चार वाक्यं बोलली. डॉक्टरनं मान हलवली. मग तो माझ्याजवळ बसला, माझा हात थोपटला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं, सावकाश बोलायला लागला. जाऊन एक चित्रांचं पत्रक घेऊन आला. मोठी बाटली, मोठी सुई, हसणारी म्हातारी. तेव्हा मला कळलं, मी सांगितलं तस्संच तिनं सांगितलंय.

लेकीचं निभावलं. मला तेच हवं होतं. मग एवढं वाईट का वाटलं मला?

डॉक्टरनं पत्रकातल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि यामिनीकडे पाहिलं. मराठीत सांगा, म्हणत असणार. तिनं ओळ वाचली.

"आई," ती म्हणाली, "बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा एकच आहे का, ते आधी बघायचं."

डॉक्टर माझ्याकडे बघत होता, मला समजलं की नाही ते.

"बरं," मी म्हटलं. "लक्षात ठेवीन."