मुठीचं मडकं

मी मडकं बोलतोय. मातीचं आहे, त्यामुळे सुखदुःख फारसं जाणवत नाही. जे झालं ते सांगतो.

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास नागपूरच्या एका कुंभाराने मला भाजलं. माझ्याबरोबरची भावंडं पाण्यासाठी गेली. मला मैनाबाईने बाजारातून आणून चुलीजवळ ठेवलं. घर ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या कुटुंबांत, रीत होती, बाईने रांधायला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ आधी देवासाठी काढायची. ती मूठ माझ्यात पडे. रविवारी सगळ्या घरांची मडकी देवळात एका चादरीवर ओतत आणि ज्याच्या घरी नाही त्याला ते तांदूळ देत.

वाटपाचं काम मैनाबाईच्या नवऱ्याकडे, ईश्वरदासकडे होतं. तो छापखान्यात कारकून, मंडळीत मानाचा. देण्याआधी तो लांबलचक प्रार्थना करी. "आम्ही धूळ आहोत, प्रभू," असं सुरू होई. तोवर विधवा तुळजाबाई पदर पसरून उभी. पदराची टोकं धरून तिचे हात अवघडत. त्याला ते दिसत नसे. डोळे मिटलेले असत. नम्रतेवर माणसं इतका वेळ का बोलतात, मला कळलेलं नाही.

मग प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सरकारी कामावर चालणारा छापखाना बंद पडला. ईश्वरदासने मंडळीत कोणालाच सांगितलं नाही. घरात तान्ही तारा होती आणि मैनाबाईचं दूध आटत चाललं होतं.

"अवो, तुळजाबाईले तरी सांगा," ती म्हणाली. "मंडळीचे तांदूळ आहेत ना."

"ते मी वाटतो, मैना. मीच मागू?"

"रोज सकाळी देवाले भाकर मागता, ते?"

"देवाले मागणं निराळं."

"मंग त्यानं काय छपराच्या कवेलूतून टाकाचे तांदूळ?"

तारा रडत होती. मग रडायचीही थांबली.

त्या शनिवारी त्याने मला उचललं. तळापासून कोंडा भरला आणि घरात उरलेले तांदूळ वर पसरले. मडकं भरलेलं दिसेल, ओतण्याचं काम त्याचंच, कोंडा ढिगात मिसळून जाईल, असा हिशेब असावा. मग गुडघे टेकून त्याने प्रार्थना केली. मी ऐकली. नेहमीसारखीच होती.

रविवारी देवळात तुळजाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "लय वाळले, भाऊ. आणा इकडं, मी ओततो," म्हणत तिने मला त्याच्या हातातून घेतलं आणि उपडं केलं. आधी तांदूळ पडले, मग कोंडा. दारातून वारा आला आणि कोंडा पहिल्या बाकापर्यंत उडाला.

तुळजाबाईने मला झटकलं. "घरी चूल पेटून नाही राहिली का, भाऊ?"

त्याने होकाराची मान हलवली.

"काहून नाही सांगितलं गा?"

"लाज वाटली."

"आन् आमाले वाटत नसन?"

ती रागाने बोलली नाही. ढिगातून ओंजळी घेऊन तिने मला काठोकाठ भरलं आणि त्याच्यापुढे धरलं. प्रार्थना वगैरे केली नाही. मग त्याने दोन्ही हात पुढे केले.

घरी मैनाबाईने परातीत तांदूळ काढले आणि त्यातली एक मूठ परत माझ्यात टाकली.

"यातलीपण?" तो म्हणाला. "हे तर दुसऱ्यायचे आहेत."

"आंधीचे कोणाचे होते?"

तो चुलीपाशी बसला. "प्रभू," म्हणाला. तेवढीच प्रार्थना झाली. भात शिजला.

आता माझ्या काठाचा टवका उडाला आहे, एक चीर मातीने लिंपली आहे. ईश्वरदास किराणा दुकानात वजनं करतो. कधी तो मला भरून नेतो, कधी रिकामं नेऊन भरून आणतो, सगळ्यांसमोर. त्याची प्रार्थना आखूड झाली आहे. देवाला त्यात काय फरक वाटतो, ते मी सांगू शकत नाही. तारा धावते, एवढं मला दिसतं.

तुमच्या घरी असं मडकं असेल तर त्यात टाकता तसं त्यातून घ्यायलाही शिका. लवकर शिका. भुकेलं मूल तुमच्या मानासाठी थांबत नाही.