दहा मिनिटं पुढचं घड्याळ

भांडुपच्या सावंतांच्या घरात भिंतीवरचं घड्याळ गेली वीस वर्षं दहा मिनिटं पुढे होतं. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळेच मनातल्या मनात दहा वजा करत. मग पुढे ठेवून मिळवलं काय, असं विचारलं की मानसीचे बाबा, नंदकुमार, पेपरात डोकं घालत.

मानसी पदार्थविज्ञानवाली, आणि तिच्या अभ्यासाचा विषयच मुळी काळ. मुलुंडच्या एका संशोधन संस्थेत दहा वाजता मुलाखत होती. आधीच्या दोन हातच्या गेल्या होत्या. ही गेली तर क्लासमध्ये अकरावीची गणितं शिकवायची हे तिनं ठरवूनच टाकलेलं. अभ्यासासाठी मोबाइल कालपासून बंद. भिंतीवर नऊ चाळीस झाले, म्हणजे साडेनऊ, तशी ती निघाली.

रिक्षात मोबाइल सुरू केला तर दहाला पाच कमी. मुलुंड अजून अर्ध्या वाटेवर. तिनं घरी फोन लावला. तो कालच मालवणहून आलेल्या बाळामामानं उचलला.

"मामा, घड्याळाला काही केलंस?"

"व्हय तर. सेल बदललंय. धा मिनटां फुडे व्हता, ता बरोबर लायलंय. तू येवढी शिकलेली, तुका समाजला नाय?"

मानसीला मामाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

ती दहा मिनिटं उशिरा पोचली. मुलाखत घेणाऱ्या वसुधा रेगे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "संशोधन काळावर, आणि उशीर?"

आता लपवून काय उपयोग? तिनं मामासकट सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता भीती पळाली.

"मॅडम, माझा विषय हाच आहे. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम एकत्र मांडायला गेलं की समीकरणातून काळच गळून पडतो. एका गोष्टीच्या मानानं दुसरी कुठे आहे, एवढंच उरतं. आमचं घड्याळ चुकीचं होतं, पण त्याचं आमच्याशी जमलेलं होतं. मामानं ते दुरुस्त केलं आणि माझी वाट लागली."

रेगेबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. त्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा ते चांगलं पाच मिनिटं पुढे होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता ते समीकरण लिहून दाखवा."

आठवड्यानं पत्र आलं. निवड झाली होती, सोमवारी नऊला हजर व्हायचं होतं. आईनं देवापुढे साखर ठेवली. नंदकुमार तडक स्टुलावर चढले. खालून स्टूल धरून मामा म्हणाला, "भावोजी, ह्या वेळेक पंधरा करा."

"नको," काटा दहा मिनिटं पुढे सरकवत नंदकुमार म्हणाले, "पंधरा वजा करायची सवय नाही आम्हाला."