ओंदिनाचे सतरा कप

मला घरी आणून लिवियोला काय मिळणार होते, ते आधी मांडते. सदतीस वर्षे तो इटलीतल्या त्रिएस्तेच्या बंदराजवळच्या एका बारमध्ये माझ्यासमोर उभा राहिला. निवृत्त होऊन घरी आला, तर तिथे उभे राहायला जागाच नाही. बैठकीत टीव्ही, स्वयंपाकघरात बायको. बारमध्ये नवी मशीन यायची होती. मालकाने विचारले, निरोपाला मनगटी घड्याळ हवे की जेवण? लिवियो म्हणाला, ही म्हातारी द्या. मी आले की त्याला एक कोपरा मिळणार, खांद्यावर टाकायला फडके मिळणार आणि गेलेला रुबाब परत मिळणार. त्याची बायको ओंदिना हिला काय मिळणार? तिचा अर्धा ओटा जाणार. मला काय मिळणार, हे कोणी विचारलेच नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून दोघांवरही संशय ठेवला.

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची मशीन आहे. माझे पोट तांब्याचे, कॉफीची तोंडे दोन आणि उजव्या कुशीला वाफेची नळी. बारमध्ये मी रोज तीनशे कप काढत असे. खलाशी येत, वकील येत, एक घोट घेत आणि लिवियोच्या हाताची तारीफ करत. वाफ माझी, नाव त्याचे. पण एक सुख होते. तिथे मला कधी बंद करत नसत. पोट सदा गरम.

घरी तसे नव्हते. घराची वीज इतकी बेताची की मी आणि कपडे धुण्याचे यंत्र एका वेळी चाललो, तर तळमजल्यावरचा मीटर पडे, म्हणजे वीज जाई आणि कोणाला तरी खाली जाऊन कळ वर करावी लागे. घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेवटी नवराबायकोत तह झाला. सोमवार आणि गुरुवारी सकाळी नऊनंतर वीज ओंदिनाची, बाकी वेळ माझी.

दुधाचीही पंचाईत होती. वाफेने दूध फुलवायचे तर नळीचे टोक दुधात जेमतेम बुडवायचे. कागद फाडल्यासारखा आवाज आला की टोक थोडे खाली न्यायचे, दूध भोवऱ्यासारखे फिरवायचे आणि भांडे हाताला सोसेनासे झाले की थांबायचे. बारमध्ये भांडे मोठे. घरी कप दोन, दूध पाव लिटर, आणि माझी वाफ तीनशे कपांची. पहिल्या सकाळी दूध छताला लागले. ओंदिनाने वर पाहून विचारले, गाय वर बांधलीस का? आठवडाभरात लिवियोचा हात बसला. मग रोज सकाळी दोन छोट्या दूधकॉफ्या होऊ लागल्या. आमच्या गावात त्यांना कापो म्हणतात.

याच सुमारास कॉफीचे व्यापारी देग्रासी यांचा निरोप आला. दर शुक्रवारी त्यांच्या गोदामात येऊन नव्या पोत्यांतले नमुने हुंगून पाहायचे, चांगले-वाईट सांगायचे. आमच्या बंदरात असे नाक असलेल्या माणसाला रस्त्यात टोप्या काढून नमस्कार करतात. लिवियोने लगेच होकार दिला आणि सगळ्या इमारतीला सांगून टाकले. काम तीन आठवड्यांनी सुरू होणार होते. ओंदिना मात्र काही बोलली नाही. मला वाटले, जळते.

त्यानंतरच्या सोमवारी लिवियोला उशीर झाला. नऊ वाजून गेले, तरी नळी दुधातच. ओंदिनाने घड्याळ पाहिले आणि कपड्यांचे यंत्र लावले. मी बंद आहे असे तिला वाटले, असे ती म्हणते. मी काही मानत नाही. मीटर पडला. लिवियोने घाईत वाफेची कळ अर्धवटच बंद केली, नळी भांड्यात तशीच सोडली आणि खाली गेला. खाली शेजारच्या मार्चेलाबाई भेटल्या. त्यांना नव्या कामाचे सगळे सांगेपर्यंत तास झाला.

इकडे माझे पोट निवू लागले. गरम पोट बंद असताना निवले की ते आत ओढू लागते. त्या वेळी बाहेरची हवा आत घ्यायला मला एक छोटी झडप आहे. ती क्षाराने चिकटली होती. मग हवेऐवजी नळीतून दूधच आत आले.

लिवियो परत आला तर भांडे अर्धे.

"तू प्यायलीस?"

"कोमट दूध? मी काय मांजर आहे? तूच सांडलंस आणि पुसलंस."

दोघांनी एकमेकांकडे चोरासारखे पाहिले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाफेला करपलेल्या, नासक्या दुधाची घाण येऊ लागली. मला स्वतःची लाज वाटली. लिवियोने मात्र तसाच कापो केला, मिशीला फेस लावून घेतला आणि म्हणाला, वा. ओंदिनाने कप तोंडापर्यंत नेला, थांबली, त्याच्याकडे पाहिले आणि प्यायली. पुढच्या दिवशी तिने दुसऱ्या दुकानातून दूध आणले. तिसऱ्या दिवशी मोरी घासली. चौथ्या दिवसापासून तिने शोध थांबवला आणि ती फक्त त्याच्याकडे पाहू लागली. एकदा मार्चेलाबाईंना कापो दिला. एका घोटात त्यांना चुलीवर काहीतरी राहिल्याचे आठवले. त्यांना चांगल्याची सवय नाही, असा निकाल लिवियोने दिला. ओंदिना रोज पीत होती आणि गप्प होती. मी ओळखले की ही मला भंगारात द्यायचा दिवस शोधते आहे.

माझा अंदाज चुकला. सतराव्या दिवशी, देग्रासींकडच्या पहिल्या शुक्रवारच्या आदल्या सकाळी, कापो झाल्यावर तिने त्याच्यापुढे एक डबा ठेवला. देग्रासींनी नमुना पाठवला आहे, सांग कसा आहे, म्हणाली. लिवियोने रीतीप्रमाणे डोळे मिटले, झाकण काढले, नाक आत घातले आणि लांब श्वास ओढला.

"ब्राझीलचा आहे," तो म्हणाला. "थोडा कोवळा, पण स्वच्छ."

ओंदिनाने दाणे बाजूला सारले. खाली कपाटातल्या तीन डांबरगोळ्या होत्या.

"कधीपासून?" तिने विचारले.

तो डब्यात पाहत राहिला. "गेल्या थंडीतल्या तापापासून. वाटलं, वास येईल परत."

"आणि उद्या काय करणार होतास?"

"रंग बघून सांगितलं असतं. दाणा हाताला कळतो मला."

"लोकांची जहाजं भरून पोती येतात, लिवियो." मग तिने त्याचा कप त्याच्यापुढे सरकवला. "सतरा दिवस नासलेलं दूध पितोयस तू. मीही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

त्याने तिथेच देग्रासींना फोन लावला. गुडघे साथ देत नाहीत, म्हणाला. ओंदिनाने ते खोटे तसेच राहू दिले.

दुरुस्तीवाला आला. त्याने माझे पोट तीनदा धुतले आणि झडप बदलली. लिवियो आता आवाजावर आणि तळहातावर दूध फुलवतो. दूध फुलवायला नाकाची गरज नसते, हे माझ्या इतक्या वर्षांत कोणी मला सांगितले नव्हते.

मित्रांनो, माझ्यासारखी कोणी तुमच्या घरी असेल तर एवढेच करा. दूध फुलले की नळी लगेच बाहेर काढा, एकदा वाफ मोकळी सोडा आणि ओल्या फडक्याने पुसा. आत गेलेले दूध आपोआप बाहेर येत नाही. आणि घरात काही नासल्याचा वास आला तर पहिल्याच दिवशी सांगा.

आता कोणी किती किंमत मोजली ते पाहू. देग्रासींचे काही गेले नाही, त्यांना दुसरे नाक मिळाले. माझी एक झडप गेली. लिवियोचे नाव गेले, तेही फक्त ओंदिनासमोर. नासके कप दोघांनीही सतराच प्यायले, पण त्याला चव कळत नव्हती. ती एकटी रोज चव घेऊन पीत होती.