सावलीची अक्षरं

निळ्या दोरीला लटकलेला तो पेनड्राइव्ह – करंगळीएवढा, टोपणाला बारीकसा तडा गेलेला – बसच्या प्रत्येक गचक्याबरोबर सुदर्शनच्या शर्टाच्या बटणावर आपटत होता, टक्... टक्... आणि उत्तरेश्वरला वाटत होतं, एवढ्याशा वस्तूत माणसाचं किती काय मावत असेल. विश्रांतवाडीहून निघालेली कंपनीची बस वाकडच्या पुलाजवळ खोळंबली होती. पुढे हिंजवडीपर्यंत अशाच बसेसची रांग. सुदर्शनने मांडीवर लॅपटॉप उघडला.

"सर, एकदा नजर टाका ना. तुम्ही बघितलं की मला बरं वाटतं."

आज जेवणाच्या सुट्टीत सुदर्शन सगळ्या मजल्याला शिकवणार होता – चांगल्या स्लाइड्स कशा कराव्यात. सुदर्शन! तीन वर्षांपूर्वी कंपनीत आला तेव्हा स्लाइडवरची चौकट कशी हलवायची हे ज्याला खुर्ची ओढून शेजारी बसवून दाखवावं लागलं होतं, तो.

पडदा पांढरा, मोकळा. मधोमध – नाही, मध्याच्या किंचित वर – मराठीत दोनच शब्द. थोडक्यात गोडी. बस्स.

त्या अक्षरांचं देखणेपण उत्तरेश्वरच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्याच्याही आधी लक्षात आलं ते हे, की हा मराठी फॉन्ट मोठ्या मीटिंग रूममधल्या संगणकावर नाही. तिथे ही फाइल उघडली की दोन शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांचा नुसता उकिरडा उमटेल. गेल्या दिवाळीला शुभेच्छांच्या वेळी त्याची स्वतःची तशीच फजिती झाली होती. सांगायला हवं. एक वाक्य पुरेल. तोंड उघडलंही...

"ठीक आहे," तो म्हणाला.

"नुसतं ठीक?"

"आज ट्रॅफिक जास्तच आहे."

सुदर्शन हसला, लॅपटॉप मिटला. बस हलली. सांगता येईल अजून, उत्तरेश्वरने मनाशी म्हटलं, उतरल्यावर सांगू, चहाच्या वेळी सांगू – आणि असं म्हणताना आपण सांगणार नाही हे त्याला लख्ख ठाऊक होतं. हा मत्सर नव्हे, त्याने स्वतःला बजावलं. पोराने स्वतः तपासायला नको? आम्हाला कोणी सांगितलं होतं?

आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. औशाहून आलेला मुलगा, पिंपरीच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर चिकटला, अक्षर बरं म्हणून साहेबांनी हाताशी धरला. पारदर्शक कागदावर काळ्या-लाल पेनाने अक्षरं काढायची, श्वास रोखून. एक ओघळ आला की कागद बाद. मग नव्वदनंतर सगळंच बदलत गेलं, कारखान्यातली टेबलं कमी झाली, तो संगणक शिकला आणि इथे आला. पडद्यावर अक्षराला सावली देता येते हे पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी तो घरी जाऊन राधाला म्हणाला होता, "अक्षर उचलून येतं गं, हात लावावासा वाटतो." राधा म्हणाली होती, "मग लावा, आणि जेवायला या." तेव्हापासून परदेशी पाहुणे आले की स्लाइड्स उत्तरेश्वरच्या. हे कोणी कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण होतं. मजल्यावर त्याला काही जागा होती ती तेवढीच. परवा जर्मनीची माणसं येणार होती, आणि या वेळी दीपमाला मॅडम – त्या विभागाच्या प्रमुख – म्हणाल्या होत्या, "आधी सुदर्शनचं ऐकू या. मग ठरवू कोणाकडे द्यायचं."

मीटिंग रूममध्ये तो शेवटच्या रांगेत बसला. शेजारी हिशेब विभागातला मच्छिंद्र, डबा उघडून. दिवे मंदावले. आता... उत्तरेश्वरने खुर्चीची कड धरली. परीक्षा जणू त्याचीच होती. आणि पडद्यावर, पांढऱ्या मोकळ्या जागेत, मध्याच्या किंचित वर, अक्षर न् अक्षर शाबूत –

थोडक्यात गोडी.

"हे मराठी इथे कसं दिसलं असं कोणी विचारत नाही," सुदर्शन म्हणाला. "या मशीनवर हा फॉन्टच नाहीये. पण एक ॲड-इन मिळतं – पॉवरपॉइंटला वरून जोडायचं छोटं टूल. ते मजकुराचं चित्र करून ठेवतं. मग फॉन्ट असो-नसो, अक्षरं जागची हलत नाहीत."

म्हणजे त्याला माहीत होतं. बसमध्येही माहीत होतं. उत्तरेश्वरला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते, कोणीतरी खिशातून काहीतरी काढून नेल्यासारखं.

सुदर्शन बोलत राहिला. एका स्लाइडवर एकच मुद्दा. शेवटच्या रांगेतल्याला वाचता येणार नसेल तर लिहूच नका. रंग दोन, फार तर तीन. मग दुसरं टूल – वेड्यावाकड्या पसरलेल्या चौकटींवर एकदा बटण दाबलं, आणि पीटीच्या तासाला शिट्टी वाजावी तशा त्या ओळीत उभ्या राहिल्या. पोरं "ओऽऽ" करून ओरडली. उत्तरेश्वरने अशाच ओळी जुळवायला दुपारच्या दुपारी घालवल्या होत्या, एक डोळा मिटून.

"रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे," सुदर्शन म्हणाला.

"अहो उत्तरेश्वरराव," मच्छिंद्र घास गिळत कुजबुजला, "हे जरा आमच्या सोसायटीच्या पार्किंगला सांगा की."

"आता एक वाईट नमुना."

उत्तरेश्वर खुर्चीत ताठ बसला. आपली कोणती स्लाइड काढली असेल? गेल्या वर्षीची, गुलाबी कडेची? की ती उडत येणाऱ्या शब्दांची? हसायचं. सगळे हसले की आपणही हसायचं, सर्वांत आधी...

"हा माझाच," सुदर्शन म्हणाला. "नोकरीतला पहिला."

निळ्यातून जांभळ्यात विरत जाणारा पडदा. टाइपरायटरच्या खडखडाटात एकेक अक्षर पडत आलं, प्रत्येकाला उजवीकडे खाली झुकलेली सावली. हशा सुरू झाला. आणि शेवटी आभार – चेअरमनपासून प्रोजेक्टर उचलून आणणाऱ्या शिपायापर्यंत, पदाप्रमाणे, एकाखाली एक, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"लग्नपत्रिका रे ही!" कोणीतरी ओरडलं. "आमचे येथे श्रीकृपेकरून!"

"खाली किलबिलाट राहिला," दुसरा. हशाने खोली हलली. सुदर्शनही हसत होता, स्वतःचा कान पकडून.

औशाच्या शाळेत एकदा आभारांत मंडपवाल्याचं नाव राहिलं होतं. तो माणूस पुढे शाळेची पायरी चढला नाही. नाव राहता कामा नये – हे उत्तरेश्वर तिथून घेऊन आला होता, कारखान्यात, मग या पडद्यावर, आणि खुर्ची ओढून या पोराला शिकवलं होतं. त्या यादीत चेअरमनच्या लगेच खाली एक ओळ होती. शेवटच्या रांगेतून ती कोणालाच वाचता आली नसती. त्याला आली, कारण ती कुठे असेल हे त्याला माहीत होतं. मार्गदर्शक : श्री. उत्तरेश्वर सर.

"पोरगा दिलदार आहे," मच्छिंद्र म्हणाला. "दुसरा असता तर तुमची-आमची काढली असती."

टाळ्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता उत्तरेश्वरला वाटलं, उठावं आणि सांगावं – ती सावली माझी आहे. तो खडखडाट माझा, ती यादी माझी. चांगलं ते तर तू नेलंसच, वाईटही तुझ्याच नावावर मांडलंस, आणि त्याच्यावरसुद्धा टाळ्या घेतल्यास... माझ्याकडे हसं तरी ठेवायचं होतंस. त्याने मला वाचवलं होतं, हे उघड होतं. तेच सोसवत नव्हतं.

बाहेर येताना दीपमाला मॅडम थांबल्या. "जर्मनीवाल्यांचं तुम्ही दोघं मिळून करा. मजकूर तुम्ही बघा उत्तरेश्वर, दिसण्याचं सुदर्शन बघेल. चालेल ना?"

"चालेल की," उत्तरेश्वर म्हणाला. दिसण्याचं सुदर्शन. चालेल की.

चार वाजता सुदर्शन खुर्ची ओढून त्याच्या टेबलाशी आला. त्याने ती दोन टूल्स उत्तरेश्वरच्या संगणकावर चढवली, आणि परवासाठी उत्तरेश्वरने करून ठेवलेली पहिली स्लाइड उघडली.

"सर, सावली काढू?"

"काढ."

सावली गेली. मग कड गेली, मग निळा-जांभळा रंग. एकदा बटण दाबलं, चौकटी सरळ झाल्या. ओळ चुकली असेल कुठेतरी, या आशेने उत्तरेश्वरने सवयीने एक डोळा मिटून पाहिलं. चुकली नव्हती. अक्षरं निवांत उभी होती, आंघोळ करून उन्हात आलेल्या माणसांसारखी. पाहता पाहता त्याच्या आत काहीतरी उमलून आलं – पहिल्यांदा सावली दिसली होती त्या दिवशीसारखं – आणि त्याने ते तिथेच दाबून धरलं, कारण ते शेजारच्या माणसाच्या हातून झालं होतं.

माउसवर हात तसाच ठेवून सुदर्शन पडद्याकडे नाही, उत्तरेश्वरकडे पाहत होता. भुवया किंचित वर, मान थोडी पुढे... उत्तरेश्वरला एकाएकी कळलं, हा थांबला आहे. सगळा मजला ओरडला, टाळ्या झाल्या, मॅडमनी काम दिलं, आणि तरीही हा इथे एका शब्दासाठी थांबला आहे, जो कुठल्या टूलमध्ये मिळत नाही. तीन वर्षं थांबला असेल. इतका वेळ छातीत कुरतडणारं ते काहीतरी शांत झालं, अगदी अचानक. आणि त्याच्या जागी एक मऊ, गोडसर सुख पसरत गेलं, जे मत्सराहून कितीतरी ओंगळ होतं हे त्याला कळत होतं आणि तरी हवंसं वाटत होतं.

"सर?"

छान. दोनच अक्षरं. तो शब्द जिभेवर येऊन बसला होता, खडीसाखरेसारखा, आणि उत्तरेश्वर तो चघळत राहिला – द्यावा... की अजून थोडा वेळ...