साठ हात अर्ज

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एक वाडी आहे. वाडीला ओढा आडवा. अलीकडे म्हातारी बयाबाई आणि ओढ्यापलीकडे तिची धाकटी बहीण काशीबाई. पावसाळ्यात ओढा फुगला की दसऱ्यापर्यंत दोघी आपापल्या काठावरून हातवारे करायच्या. पाण्याच्या आवाजात शब्द काही पोचायचा नाही. एका श्रावणात काशीबाईने केलेले हातवारे बयाबाईने शिव्या समजून दुपटीने परत केले. दसऱ्याला कळलं, ते पणतूच्या बारशाचं आवतण होतं.

तेव्हाच बयाबाईने ठरवलं, ओढ्यावर साकव झालाच पाहिजे. माणूस चालत जाईल एवढा पूल, बास. तिने गावकी बसवली आणि आमदारांना एका ओळीचा अर्ज लिहायला सांगितला.

पण गावकीचा कायदा असा, की गावाच्या नावाने कागद निघाला तर त्यात प्रत्येक घराची ओळ हवी. नाहीतर ते घर सही करत नाही. महिपतीने पीक उकरणारी रानडुकरं घातली. सोमाने मोबाइलची रेंज घातली. रावजींनी आजोबांनी शाळेला दिलेली घंटा घातली. मागणी काही नव्हती, नुसती आठवण. मग अर्ज वाडीच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाकडे गेला, कारण मंडळाला विचारल्याशिवाय वाडीत मांजरही वीत नाही. मंडळाचा सेक्रेटरी रितेश छपाईच्या दुकानात कामाला. त्याने झाडून सगळ्या चाकरमान्यांची नावं जोडली, कागदाला कागद चिकटवला आणि पावसात भिजू नये म्हणून सगळ्याला तीन थरांचं लॅमिनेशन केलं. अर्ज भरला साठ हात.

आठ जणांनी ती गुंडाळी पालखीसारखी खांद्यावर घेऊन महाडला नेली. खांदे असे तापले की महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडवले तेव्हा कुंडालाच चटका बसला म्हणतात. आमदारांच्या कार्यालयात अर्ज उलगडला, तर एक टोक साहेबांच्या टेबलावर आणि दुसरं बाहेर वडापावच्या गाडीवर. साहेबांचा सहायक सुनील चष्मा लावून अर्जावरून दोनदा हिंडून आला, पण मागणी काही सापडेना.

“आजी, एक कागद, एक मागणी,” तो बयाबाईला म्हणाला. “तेवढंच घेऊन या.”

आठ जणांनी गुंडाळी परत आणली. पुढल्या आषाढात ओढा फुगला आणि पलीकडे काशीबाई पुन्हा हातवारे करू लागली. आता हे बारसं की बारावं, कोणी सांगावं? बयाबाईने अर्जाचं एक टोक जांभळीला बांधलं, दुसऱ्याला दोरी आणि दोरीला दगड बांधून पलीकडे भिरकावला. काशीबाईने ओढून ते टोक आंब्याला आवळलं. बयाबाई अर्जावरून चालत गेली आणि चहा पिऊन आली. चार दिवसांत शेरडं जाऊ लागली, आठवड्यात महिपतीची म्हैस.

आपल्या मतदारसंघात साकव उभा राहिला आणि नारळ फोडायला आपण नव्हतो, ही बातमी महाडला पोचायला कितीसा वेळ? साहेब हारासकट हजर. नारळ फोडून ते अर्जावर चढले आणि मधोमध थबकले. बुटांपुढेच ती ओळ होती : ओढ्यावर साकव पाहिजे.

“साकव तर झालाय की,” साहेब काठाकडे बघून म्हणाले. “सुनील, मागणी निकाली काढ.”

बयाबाईने जांभळीच्या गाठीचा एक वेढा सोडला. अर्ज हातभर खाली गेला. दुसरा सोडला, तशी साहेबांच्या बुटांत पाणी शिरलं.

“आजी, हे काय करताय?”

“अर्ज परत घेतेय, सायेब. निकाली निघाला नाय का? मग तुमच्या पायाखाली कशाला ठेवू?”

साहेबांनी रानडुकरांवर गुडघे टेकले, खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीखाली ‘मंजूर, होळीपर्यंत’ असं लिहिलं. बयाबाईचा हात पुन्हा गाठीकडे गेला. साहेबांनी होळी खोडून दिवाळी केली.

दिवाळीला सिमेंटचा साकव झाला. आता काशीबाई रोज येते आणि बारशाच्या शिव्यांवरून भांडते. शब्द न् शब्द ऐकू येतो. बयाबाई तिला चहा देते, आणि माळ्यावरच्या गुंडाळीकडे बघत महिपती विचारतो, “बये, माझ्या डुकरांचं काय गो?”