चष्मेवाल्याची गाठ

लोकांचे डोळे तपासण्यात चष्मेवाल्याची हयात गेली, पण त्याच्या स्वतःच्या नजरेचं बिंग फुटलं ते दुकानाच्या दारात. बाजूने आलेली सायकल त्याला दिसलीच नाही. तुमचं नाक जाड झालंय, बोटं फुगलीत, असं बायको कधीची म्हणत होती. त्याने ते वयावर ढकललं होतं. धडपडल्यावर मात्र त्याने आपल्याच यंत्रापुढे हनुवटी टेकवली. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या अंगाचं दिसत नव्हतं. दुकान बंद करून तो थेट इस्पितळात गेला.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली होती. ती दृष्टीच्या नसा दाबत होती, शिवाय वाढीचं संप्रेरक रक्तात ओतत होती. सर्जनांनी नाकावाटे ती काढली आणि नजर परतली. पण मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला एक कण त्यांनी मुद्दामच राहू दिला. गाठ कॅन्सरची नाही, इंजेक्शनं घेत लक्ष ठेवू, असं ठरलं.

चष्मेवाल्याच्या डोक्यात भुंगा शिरला तो तेव्हापासून. इतकी वर्षं वाढत आलेली वस्तू आता गप्प का बसेल?

सून त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होती. अशाच गाठींच्या पेशींवर तिचं संशोधन चालायचं. मला माझी गाठ दाखव, असं टुमणं त्याने तिच्यामागे लावलं. आधी तिने टाळाटाळ केली, मग वरिष्ठांची परवानगी काढून एका दुपारी त्याला नेलं.

सूक्ष्मदर्शकापुढे बसताच त्याने सराईतपणे दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतरावर आणल्या. काचपट्टीच्या कडेला त्याच्याच निरोगी ग्रंथीचा तुकडा आला होता: पेशींचे नीटस पुंजके, फिकट निळे. पुढे गाठ सुरू होत होती. तिथे पुंजके विस्कटले होते आणि जिकडेतिकडे तपकिरी ठिपके होते.

"हे तपकिरी म्हणजे वाढणाऱ्या पेशी ना?"

"उलट, बाबा. पेशीला दुभंगू न देणारं प्रथिन आहे ते. ब्रेकच म्हणा."

त्याने मान वर केली. "म्हणजे चांगल्या भागात ब्रेक नाही, आणि गाठीत खच्चून?"

"चांगल्या पेशी मुळात धावत नाहीत फारशा. या सुसाट सुटल्या, आत मोडतोड झाली आणि ब्रेक लागला, असा आमचा अंदाज. आता म्हाताऱ्या झाल्यात. दुभंगत नाहीत, पण मरतही नाहीत."

"आणि संप्रेरक?"

"ते बनवत राहतात. म्हणून तर इंजेक्शन."

त्याला हसू आलं. "निवृत्त होऊनही दुकान सोडत नाहीत म्हण की. तुझ्या सासूला सांगू नकोस, मलाही हेच ऐकवेल."

मग त्याने उरलेल्या कणाचं विचारलं.

"तिथेही असंच असेल, हे मी छातीठोकपणे नाही सांगणार. काही गाठींत हा ब्रेक नसतोच. का, ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही."

धीर द्यायला ती काही बोलणार होती, पण तो पुन्हा नळ्यांना डोळे लावून बसला होता. उठायचं नाव घेईना.

पुढच्या स्कॅनमध्ये कण होता तेवढाच निघाला, बोटांची सूजही उतरत होती. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. तो मात्र सुनेला बाजूला घेऊन विचारत होता, की ब्रेक नसलेली एखादी गाठ बघायला मिळेल का.